हृदयाचा वारसा

शहापूर काय किंवा मुरबाड काय, तहसील कचेरीच्या आवारात सकाळच्या वेळी जाऊन उभे राहिले, तर निम्मी माणसे वारसाच्या कामासाठी आलेली आढळतात. बाप वारला, आता सात-बारावर मुलांची नावे लावावयाची. आजोबांच्या नावचा जुना उतारा हवा, तलाठ्याकडचा फेरफार हवा, बहिणींची हक्कसोड पत्रे हवीत. किन्हवलीचा, डोळखांबचा, टोकावड्याचा किंवा धसईचा शेतकरी त्या वेळी चार पिढ्यांची वंशावळ न अडखळता सांगतो. कोणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, हे सारे त्याच्या जिभेवर असते.

आता त्याच माणसाला दुसरा प्रश्न विचारून पाहावा. तुमचा धाकटा काका कशाने वारला? त्या वेळी त्याचे वय काय होते? येथे मात्र तो थांबतो. “अचानकच गेला.” “ओढ्यावर पोहायला गेला, तो परत आला नाही.” “रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही.” “बाधा झाली म्हणत होते.” जमिनीचा वारसा ज्याला गुंठ्यांनिशी ठाऊक असतो, त्याला शरीराचा वारसा ठाऊक नसतो. कोणताही तलाठी त्याची नोंद घेत नाही. आज ज्या विकाराविषयी बोलावयाचे आहे, तो या न नोंदलेल्या वारशापैकी एक आहे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडविणारा हा विकार आईबापांकडून मुलांकडे येतो. त्याचा शोध कसा लागला, याचा इतिहास पाहिला म्हणजे आपल्या घरी काय करावयाचे, तेही आपोआप कळेल.

प्रथम हे बिघडते काय, ते समजून घेऊ. कसारा मार्गावर रोज मुंबईला जा-ये करणाऱ्यांना सिग्नल लाल म्हणून गाडी खोळंबणे काही नवे नाही. आपण कुरकुर करतो. परंतु पुढचा टप्पा रिकामा झाल्याखेरीज मागच्या गाडीला मोकळीक द्यावयाची नाही, या नियमावरच आपला जीव सुरक्षित असतो. हृदयाचे काम असेच चालते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील एका लहानशा केंद्रातून विजेची लहर निघते, ती खाली पसरते आणि स्नायू आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतो. त्यानंतर प्रत्येक पेशीला पुन्हा पूर्वस्थितीवर यावे लागते. म्हणजे टप्पा रिकामा व्हावा लागतो. पेशीच्या पडद्यात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतील काहींतून सोडियम आत येते, काहींतून पोटॅशियम बाहेर जाते. ही दारे जन्मतःच सदोष असली, तर टप्पा रिकामा होण्यास उशीर लागतो. एरवी तो उशीर जाणवतही नाही. परंतु एखाद्या वेळी पुढची लहर अर्धवट रिकाम्या टप्प्यात शिरली, की सारा गोंधळ उडतो. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते, रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांत माणूस शुद्ध हरपून कोसळतो. गोंधळ आपोआप शमला तर तो उठून बसतो आणि आजूबाजूचे लोक म्हणतात, चक्कर आली होती. शमला नाही, तर तो उठत नाही.

या विकारात हृदयाची बांधणी बहुधा निर्दोष असते. नळीने ऐकले तर ठोके ठीक असतात. मृत्यूनंतर हृदय उघडून पाहिले तरी काही सापडत नाही. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि मेल्यावरही पुरावा ठेवीत नाही, तिच्याविषयी माणसाने भुताखेतांच्या कथा रचल्या, तर त्यात नवल ते कोणते?

कल्याणपर्यंत आगगाडी आली ती १८५४ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, जर्मनीतील लाइपझिग शहरी माइसनर नावाच्या वैद्याने बहिऱ्या-मुक्या मुलांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. बहिऱ्यांच्या शाळेतील एका मुलीने काही किरकोळ चोरी केली. तिला कानउघाडणीसाठी मुख्याध्यापकांपुढे उभे केले. ती जागच्या जागी कोसळली आणि मरण पावली. शाळेतील मंडळी हबकली. परंतु आईबापांना ही वार्ता कळली, तेव्हा त्यांना विशेष आश्चर्य वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले अशीच गेली होती, एक मोठ्या भीतीने आणि दुसरे रागाच्या भरात. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या काळी ज्ञानी म्हणविणाऱ्यांना जे उमगले नव्हते, ते त्या आईबापांना उमगले होते. आपल्या घरात हे चालत आले आहे, इतके त्यांना ठाऊक होते. मात्र ते तपासून पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

ते साधन हॉलंडमधील लायडन येथे आइंथोव्हेन याने तयार केले. १९०३ च्या सुमारास त्याने हृदयातील विजेचा आलेख काढणारे यंत्र जगापुढे ठेवले. आज ज्याला आपण कार्डिओग्राम म्हणतो, त्याचा हा मूळ पुरुष. ते यंत्र इतके अवाढव्य होते, की ते चालविण्यास चार-पाच माणसे लागत. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. रुग्णालय दूर होते, म्हणून १९०५ मध्ये त्याने टेलिफोनच्या तारेवरून रुग्णालयातील माणसाच्या हृदयाचा आलेख आपल्या प्रयोगशाळेत काढून दाखविला. आलेखावरील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही त्यानेच दिली आणि ती आजतागायत चालू आहेत. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. यांतील क्यूपासून टीच्या अखेरपर्यंतचे अंतर म्हणजे टप्पा भरून पुन्हा रिकामा होण्यास लागणारा वेळ. ठोके जलद पडू लागले की हा वेळ स्वाभाविकपणे कमी होतो. म्हणून तो नाडीच्या गतीशी ताडून पाहण्याचे सूत्र बॅझेटने १९२० मध्ये मांडले. दुरुस्त केलेले हे अंतर साधारणपणे पुरुषांत सेकंदाच्या एक हजार भागांपैकी ४५० पर्यंत व स्त्रियांत ४६० पर्यंत असते. ते पुन्हा पुन्हा ४८० किंवा त्याहून अधिक भरले, तर डॉक्टर सावध होतात.

साधन आले, तरी ते योग्य माणसाला लावण्याची बुद्धी व्हावयास आणखी पन्नास वर्षे लागली. १९५७ मध्ये नॉर्वेतील जर्व्हेल आणि लांग-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. आईबाप धडधाकट, दोघांनाही उत्तम ऐकू येणारे. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी. या चौघांनाही वारंवार घेरी येई, आणि त्यांतील तिघे चौथ्या, पाचव्या व नवव्या वर्षी अकस्मात दगावली. कार्डिओग्राम काढला तो क्यू ते टी हे अंतर फार लांबलेले. लाइपझिगच्या त्या मुलीच्या मृत्यूचा उलगडा अशा रीतीने शंभर वर्षांनी झाला. पुढे १९६३ मध्ये इटलीतील जेनोआच्या रोमानो या बालरोगतज्ज्ञाने, घेरी येणाऱ्या तीन महिन्यांच्या एका मुलीत हाच दोष पाहिला; तिचे दोन भाऊ आधीच गेले होते. पुढल्याच वर्षी डब्लिनच्या वॉर्ड याने असेच वर्णन केले. या मुलांचे कान मात्र शाबूत होते. म्हणजे विकाराचे दोन प्रकार ठरले. एकात सदोष बीज आई आणि बाप या दोघांकडूनही यावे लागते, आणि त्यात बहिरेपण असते. दुसऱ्यात ते एकाकडूनच आले तरी पुरते, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याचा संभव निम्मा असतो.

हा हिशेब नीट ध्यानात घ्यावा. ज्या घरात लागोपाठ दोन मुले जातात, त्या घरात बोट कोणाकडे दाखविले जाते, हे आपणास सांगावयास नको. सून पांढऱ्या पायाची ठरते. कोणी शेजारणीला चेटकीण म्हणते. भगत तांदूळ पाहतो आणि कोणाचे तरी नाव घेतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे नाव घेणे गुन्हा ठरविले आहे खरे. परंतु कायद्याने तोंड बंद होते, मनातला संशय जात नाही. तो जावयाचा असेल तर खरे कारण समजावे लागते. बीज बापाकडून आले असण्याचा संभव आईइतकाच आहे. आणि ते देणाऱ्याला स्वतःला आयुष्यभर एकही घेरी आलेली नसेल, असेही घडते. त्यात कोणाचा अपराध नाही. डोळ्यांचा रंग कोणी ठरवून देतो काय?

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक जातींत आहे. नात्यातील लग्नाने विकार निर्माण होत नाही. परंतु आजोबांकडून आलेले एकच बीज दोन्ही बाजूंनी येऊन मिळण्याचा संभव वाढतो. बहिरेपणासह येणाऱ्या प्रकारात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. ज्या घरात जन्मतः बहिरे मूल आहे आणि त्याला घेरीही येते, त्या घराने पुढील सोयरीक जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच म्हणावयाचे आहे.

हा विकार माणसाला कोठे गाठतो, याचाही शोध झाला. २००१ मध्ये ६७० रुग्णांच्या हकिकती जमवून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून तीन निरनिराळ्या दोषांची तीन निरनिराळी दारे दिसून आली. पहिले दार श्रमाचे, आणि त्यातही विशेषेकरून पाण्याचे. धावताना, पोहताना माणूस कोसळतो. दुसरे दार दचकण्याचे. पहाटेचा गजर, टेलिफोनची घंटी, फटाका, अवचित मारलेली हाक. तिसरे दार झोपेचे.

यातील पहिल्या दाराचा विचार आपल्या मुलखात अधिक करावयास हवा. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यातील; मुरबाडात काळू, शाई या नद्यांचे डोह. येथील मुले बोलू लागण्याच्या सुमारास पाण्यात उतरतात. दर वर्षी कोणी ना कोणी बुडते. बुडणारे बहुतेक पोहता न आल्याने, मद्याने, किंवा पाण्याचा अंदाज चुकल्याने बुडतात, यात शंका नाही. परंतु पट्टीचा पोहणारा तरुण संथ पाण्यात, हातपायही न मारता, दगडासारखा खाली गेला, तर त्या डोहात जलपरी आहे किंवा आसरा आहेत असे म्हणून थांबू नये. त्याच्या भावंडांचा कार्डिओग्राम काढावा. गेलेला परत येणार नाही. परंतु मागे राहिलेल्यांपैकी एखाद्याचा जीव तेवढ्याने वाचू शकेल.

झोपेच्या दाराविषयीही असाच प्रकार आहे. थायलंडच्या ईशान्य भागात धट्टेकट्टे तरुण रात्री झोपेत मरत. विधवेचे भूत त्यांना नवरा म्हणून नेते, अशी तेथील समजूत. म्हणून तिला चकविण्यासाठी पुरुष बायकी वेष करून झोपत. फिलिपाइन्समध्ये त्याच मरणाला बांगुंगोट म्हणतात, जपानात पोक्कुरी. १९९२ मध्ये पेड्रो आणि जोसेप ब्रुगादा या बंधूंनी आठ रुग्णांचे विलक्षण कार्डिओग्राम प्रसिद्ध केले. थायलंडमधील अशा कित्येक तरुणांत तोच आलेख असल्याचे १९९७ मध्ये दाखविण्यात आले. हा क्यू-टी लांबण्याहून वेगळा, परंतु त्याच जातीचा आनुवंशिक विकार होय. यात ताप चढला असता धोका वाढतो, म्हणून अशा माणसाचा ताप लगेच उतरवावा लागतो.

आता उपायांकडे वळू. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक याने प्रोप्रॅनोलॉल हे औषध सिद्ध केले. भीती, राग, श्रम यांच्या वेळी शरीरात जो द्रव उसळतो, त्याचा हृदयावरील आघात हे औषध सौम्य करते. १९७५ मध्ये इटलीच्या श्वार्ट्झ याने तोवर जगभर नोंदविलेल्या रुग्णांचा आढावा घेऊन, या जातीच्या गोळ्या घेणारे रुग्ण अधिक जगतात, हे दाखवून दिले. प्रोप्रॅनोलॉल महाग नाही. मात्र गोळी रोज घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडली, तर नेमका तोच काळ घातक ठरतो. गोळीने भागत नाही अशांसाठी छातीच्या डाव्या बाजूची विशिष्ट मज्जातंतूंची साखळी कापण्याची शस्त्रक्रिया आहे. तिचा या विकारातील पहिला अनुभव अमेरिकेत मॉस याने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

तिसरा उपाय यंत्राचा. वॉर्साचा मीरोव्स्की हा महायुद्धाच्या वणव्यातून वाचलेला ज्यू डॉक्टर. इस्राएलमध्ये ज्यांच्या हाताखाली त्याने काम केले, ते त्याचे गुरू हेलर हृदयाची लय बिघडून वारले. असा झटका रुग्णालयाबाहेर आला तर विजेचा धक्का देणार कोण, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. धक्का देणारे यंत्र माणसाच्या शरीरातच बसविले तर? मोठमोठ्या तज्ज्ञांनी ही कल्पना वेडगळ ठरविली. तो चिकटून राहिला, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोर येथे पहिले यंत्र एका रुग्णाच्या शरीरात बसले. आज ते काडेपेटीहून थोडेसे मोठे असते.

बीजाचा शोध सर्वांत शेवटी लागला. १९९१ मध्ये कीटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील यूटा प्रांतातील एका मोठ्या कुटुंबाची वंशावळ मांडून दोष अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९५ व १९९६ मध्ये मुख्य तीन बीजे हाती आली. ध्यानात घ्यावे, की इतक्या सूक्ष्म शोधाची पहिली पायरी वंशावळीचीच होती. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणत्या वयात कसा गेला, हे त्या घराने सांगितले, म्हणून पुढचे सारे साधले.

हे सारे विलायतेतले, आपल्याकडे काय, असे कोणी म्हणेल. इटलीत चाळीस हजारांहून अधिक नवजात बालकांचे कार्डिओग्राम काढून २००९ मध्ये जो हिशेब मांडला, तो सुमारे दोन हजारांत एक असा आहे. आणि बीजाचा दोष गोरा-काळा पाहत नाही. त्याच २००९ साली, हैदराबादच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका शोधात, हृदयाच्या स्नायूच्या एका बीजातील पंचवीस अक्षरांचा तुकडा गळालेला असण्याचा दोष भारतीय उपखंडातील शंभरांपैकी सुमारे चौघांत असल्याचे आढळले. तो विकार स्नायूचा, लयीचा नव्हे, आणि दोष असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असेही नाही. तथापि हृदयाचा वारसा आपल्याही घराघरांतून चालत आला आहे, हे त्याने सिद्ध झाले.

आता आपण करावयाचे ते काय? पहिली गोष्ट, घेरीची परीक्षा. उन्हात प्रार्थनेला उभे राहून, उपाशीपोटी किंवा रक्त पाहून मुलाला घेरी आली, तर ती बहुधा निरुपद्रवी असते, घाबरू नये. परंतु धावताना, पोहताना, दचकून किंवा रागाच्या भरात पूर्वसूचना न देता मूल कोसळले, पांढरे पडले आणि थोड्याच वेळात उठून बसले, तर ते फेफरे समजून कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ घालवू नये. मेंदूला रक्त न मिळाल्याने यातही हातपाय झाडले जातात, म्हणून फेफऱ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत. एक कार्डिओग्राम हा घोटाळा पुष्कळ वेळा मिटवितो. पुष्कळ वेळा म्हणतो, नेहमी नव्हे. काहींचा आलेख विश्रांतीत सरळ असतो आणि श्रमानंतरच बिघडतो. म्हणून घराचा इतिहास डॉक्टरांना न विचारता सांगावा.

दुसरी गोष्ट, बहिरी मुले. शाळा-अंगणवाड्यांतील मुले तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मजात बहिरेपण त्या तपासणीत पाहिले जाते. अशा मुलाला कानाचे यंत्र मिळाले, की आईबापांनी आणखी एक मागणी करावी, कार्डिओग्रामची.

तिसरी गोष्ट, औषधे. काही प्रतिजैविके, हिवतापावरील काही गोळ्या, मनोविकारावरील काही औषधे हे अंतर आणखी लांबवितात. ज्याचा विकार ठरला आहे, त्याने ही यादी खिशात बाळगावी आणि प्रत्येक नव्या डॉक्टराला दाखवावी. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पोटॅशियम घटते, तेव्हा अशा माणसाने अंगावर काढू नये.

चौथी गोष्ट, हातांची. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहावे. माळशेजच्या पायथ्याशी किंवा माहुलीच्या कुशीतल्या पाड्यावर गाडी पोहोचण्यास वेळ लागणारच. तेवढा वेळ हे हातच हृदयाचे काम करतात. प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक पोहणाऱ्या टोळक्यात हे दोघा-तिघांना तरी आले पाहिजे.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची. पौषात म्हसाची जत्रा भरते, उन्हाळ्यात लग्ने निघतात, त्या निमित्ताने भाऊबंद आणि सोयरे एकत्र येतात. अशा एखाद्या दुपारी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसावे. जमिनीच्या वंशावळीत मुलींची नावे गळतात, तान्ही गेलेली मुले गळतात; तिच्या आठवणीत ती सारी असतात. कोण गेले, कोणत्या वयात गेले, त्या वेळी काय करीत होते, एवढे तीन रकाने पुरेत. चाळिशीच्या आत कारणावाचून गेलेली दोन नावे एका रांगेत दिसली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असे पुष्कळदा ठरेल, आणि आपण सुखाने घरी परताल. एखाद्या घरी मात्र ते तसे ठरणार नाही. त्या घरातील एखादी शाळकरी मुलगी त्या दिवसापासून रोज एक गोळी घेऊ लागेल आणि डोहात उतरणार नाही. आणि जिच्यावर गावाने पिढीभर ठपका ठेवला, ती तिची आजी शेवटी निर्दोष सुटेल.